रस्ता सांगणारं यंत्र माझ्यासाठी

रविवार, ११ जानेवारी. संध्याकाळ.

रस्ता सांगणाऱ्या यंत्रांपैकी निवडता निवडता दोन उरली. एक छोटं, एक सात इंची पडद्याचं. दोन्हींना मोबाइलची रेंज लागत नाही, गाडीची उंची भरली की बुटके पूल टाळतात. आत झोपता-रांधता येणाऱ्या आमच्या घरगाडीच्या छपरावर पाण्याची टाकी आहे, तेव्हा ते हवंच. पडदा मोठा घ्यावा का?

पण नवऱ्याला पटवायचं कसं? तीस वर्षं बस चालवलेला माणूस. काल म्हणाले, "आता ते डबडं मले रस्ता सांगन का?"

आज सकाळी सावंगीला बहिणीकडे निघालो आणि हे भलत्याच, सेलूच्या रस्त्याला लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच गाडी वळवली.

मोठाच पडदा हवा.

चहाच्या वेळी मीच म्हटलं, "प्रवासात मला रस्ते कळत नाहीत. यंत्र माझ्यासाठी घेते."

"तू त शाळेत भूगोल शिकवत होती."

"विसरले."

त्यांनी चहा फुंकला. मग म्हणाले, "मोठ्या पडद्याचं घेजो. तुले नीट दिसलं पाहिजे."

आत्ताच मागवलं. माझ्या नावाने.