तोंडावाटे काही नाही

१० नोव्हेंबर १९८६, बेटेगाव

आलो एकदाचे! टेम्पोत भांडी, गादी, पाटा-वरवंटा आणि त्यात मी मंजूला मांडीवर घेऊन. बोईसर स्टेशन मागे पडलं तसा मोकळा वारा तोंडावर यायला लागला. पोरगी तोंड उघडून तो वाराच खायला निघाली. टेम्पोवाला म्हणाला, बिटिया बहुत खुश है. खूश होतीच. मीही होते.

दोन खोल्या आहेत, चाळीच्या अगदी टोकाला. मागच्या खिडकीतून कापणी झालेलं भातशेत दिसतं. तीन वाजता कारखान्यांचा भोंगा होतो, तो ऐकून मंजूनं दोन्ही पाय उडवले. यांचं नाव लिहायला अजून हात अडखळतो. पंढरी. तर पंढरी रंगाच्या कारखान्यात कायम झाले, म्हणून जामखेड सोडून इथं आलो. खरं कारण मंजू. इथून मुंबईचं मोठं हॉस्पिटल जवळ.

मंजू म्हणजे मंजुळा. पावणेपाच वर्षांची. जन्मताना उशिरा रडली, त्यात डोक्याला मार बसला म्हणतात. मान धरत नाही, बोलत नाही. घास गिळणं तिला डोंगर चढण्यासारखं. जामखेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती रोज किती खाते ते लिहून ठेवा. ही वही त्यासाठी. पण पहिला दिवस आहे, म्हणून थोडं जास्त लिहिते.

आज सकाळी सहा घास, संध्याकाळी नऊ. नवीन घर मानवलं.

१९ नोव्हेंबर

मागच्या अंगाला लाडकीचं खोपटं आहे. वारली बाई, घरमालकांच्या वाडीत कामाला जाते. आज खिडकीत उभी राहून मंजूचं जेवण बघत होती. दीड तास. शेवटी म्हणाली, "बाय, तुला कटाळा नाय येत?"

मी हसले. कंटाळा कसला? मऊ भात, वरण, थोडं तूप, बोटानं कुस्करून सुपारीएवढा घास करायचा. हनुवटी वर धरायची. घास जिभेच्या मागे ठेवायचा आणि अंगठा गळ्यावरून वरून खाली हळूच फिरवायचा. दोनदा, तीनदा. मग तो उतरतो. चार वर्षांत दुसऱ्या कुणाला हे जमलं नाही, सासूबाईंनाही नाही. माझा हात पुढे आला की मंजू "अंऽ" करते. तिचा तेवढा एकच शब्द आहे आणि तो माझ्या हातासाठी आहे.

सकाळी सात, संध्याकाळी आठ. दोनदा ठसका लागला.

२७ नोव्हेंबर

मुंबईहून आलो. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, पण सरळ बोलल्या. मंजू गिळते ते सगळं पोटात जात नाही, थोडं छातीत उतरतं. मागच्या वर्षी दोनदा न्यूमोनिया झाला तो त्यामुळंच. पोटाला बाहेरून छोटं भोक पाडून रबरी नळी बसवायची, खाणं त्यातून द्यायचं. पण वजन नऊ किलो, एवढ्यावर भूल सोसणार नाही. तोवर नाकातून नळी.

मी विचारलं, ऑपरेशननंतर तोंडानं कधीपासून द्यायचं?

त्या म्हणाल्या, "तोंडावाटे काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. कदाचित कधीच नाही. आता तिच्या छातीत एक घास जरी गेला, तरी तो शेवटचा ठरेल."

नाकातली नळी तिथंच घातली. तिचे हात मी धरले होते. सकाळी निघताना घाईघाईत तिला तीनच घास भरवले होते. गाडी चुकेल म्हणून. तेच शेवटचे होते हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

३ जानेवारी १९८७

वजन साडेदहा किलो! नाकाच्या नळीनं दूध, डाळीचं पाणी, गाळलेलं केळं, सगळं पोटात जातं. छातीही साफ आहे. आठ तारखेला ऑपरेशन.

तयारी झाली. जुन्या साड्यांचे तुकडे उकळून, उन्हात वाळवून, इस्त्री करून ठेवले. पुढून उघडी दोन झबली शिवली, पोटाला काच लागू नये म्हणून. लाडकीनं डोंगरावरच्या देवाला नारळ बोलला आहे. पंढरी सुट्टी मिळाली म्हणून सांगताना रडले.

९ जानेवारी

झालं. काल अडीच तास लागले. मंजू शुद्धीवर आली. पोटावर डाव्या बाजूला पट्टी आणि त्यातून लाल रबरी नळी. मी दिसल्यावर ओठ हलले. आवाज आला नाही, घसा कोरडा पडलाय.

ओल्या कापसानं ओठ पुसायला गेले तर सिस्टरनं हात धरला. तिचं काही चुकलं नाही.

२३ जानेवारी

घरी आलो. सगळं शिकून घेतलं आहे. डोकं वर उचलून बसवायचं, नळीचा चिमटा काढायचा, नरसाळं वीतभर उंच धरायचं, पातळ पेज हळूहळू ओतायची, वरून पाणी, पुन्हा चिमटा. मग अर्धा तास मांडीवर सरळ. भोकाभोवती लाल मांस येतं तिथं निळं औषध. नळी निसटली तर तासाभरात दवाखाना गाठायचा, नाहीतर भोक बुजतं.

दीड तासाचं जेवण दहा मिनिटांत होतं.

पंढरीही नरसाळं धरायला शिकले. लाडकीही शिकली. कुणालाही जमतं.

२ फेब्रुवारी

सगळं चांगलं चाललं आहे. ताप नाही, ठसका नाही, गाल वर आलेत. शेजारणी म्हणतात, पोरगी बाळसं धरायला लागली.

एकच लिहायचं आहे आणि ते लिहायची लाज वाटते. पेज ओतताना मंजू माझ्याकडे बघत नाही, छताकडे बघते. तिला कळतच नाही की ती जेवते आहे. माझा हात पुढे आला तरी ती आता "अंऽ" करत नाही. आज मी रिकामी बोटं तिच्या ओठांजवळ नेली. फक्त बघायला. तिनं तोंड उघडलं. मी हात मागे घेतला आणि मोरीत जाऊन रडले.

चार वर्षांचं जागरण साचलं आहे अंगात. दुपारी तिच्याशेजारी पडले की मेल्यासारखी झोप लागते.

२ फेब्रुवारी, दुपार

मंजू जेवली. चार घास.

३ फेब्रुवारी

वरची ओळ मी लिहिलेली नाही.

अक्षर माझंच आहे. जुन्या सवयीनं झोपेच्या गुंगीत लिहिलं असेल. पंढरींना दाखवलं, ते म्हणाले, "आगं, दमलीयास. दुपारचा भोंगा झाला तरी तुला जाग येईना परवा." खरं आहे.

६ फेब्रुवारी

दुपारी उठले. मंजूच्या ओठाच्या कोपऱ्यात भाताचं शीत होतं.

एकच शीत. मऊ, कुस्करलेलं. तिला पालथी करून पाठ थोपटली, तोंडात बोट फिरवलं. आणखी काही नव्हतं. पेज मी कपड्यातून गाळते, तिच्यात शीत येतच नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. कुणी आलं असेल. पोरगी उपाशी दिसली, दया आली असेल.

७ फेब्रुवारी, दुपार

पाच घास. आज वरण जास्त आवडलं. हसली.

८ फेब्रुवारी

लाडकीला नको नको ते बोलले. चाळीसमोर. म्हटलं, तुला हजारदा सांगितलं तोंडात काही घालायचं नाही, तू माझ्या लेकीचा जीव घेतेस? हातातली पाण्याची कळशी तिनं खाली ठेवली, माझ्याकडे बघत राहिली, मग कळशी उचलून गेली. तिच्या बघण्यात राग नव्हता. भीती होती.

मंजूची छाती किंचित घरघरते आहे.

१० फेब्रुवारी

आज दाराला आतून कडी. खिडकीला खिट्टी. पंढरी कामावर. घरात मी आणि मंजू, तिसरं कुणी नाही. झोपणार नाही असं ठरवून बसले होते—

तीनच्या भोंग्यानं जाग आली. कडी लागलेलीच होती.

मंजूच्या गळ्यावर हळदीचा पिवळा पट्टा होता. हनुवटीपासून खाली, सरळ. अंगठ्याएवढा रुंद.

हे कुणालाच जमत नाही. अंगठा फिरवणं फक्त—

माझा अंगठा धुऊन धुऊन सोलला, तरी वास जात नाही.

११ फेब्रुवारी

लाडकीच्या खोपटात गेले. तिच्या पायाशी बसले. म्हटलं, तू काय बघितलंस ते सांग.

"बाय, मी नाय भरवलं. तूच भरवत व्हतीस. दोनदा मी खिडकीतनं पायलं. मी हाक मारली, तू वळलीस. डोळे उघडे व्हते तुजे, पन तू बघत नव्हतीस."

मी विचारलं, मी काय करत होते?

"हसत व्हतीस," ती म्हणाली. "तशी हसताना तुला मी कदी नाय पायली."

मंजूनं तोंड उघडलं होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. मग तीच म्हणाली, "पोर अंऽ अंऽ करीत व्हती."

१२ फेब्रुवारी

पंढरींना सांगितलं. वही दाखवली. आधी हसायला गेले, मग हसू तसंच राहिलं. तांदळाचा डबा, डाळ, सगळं लाडकीकडे नेऊन ठेवलं. पेजही आता तीच करून आणणार, इथं गाळणार आणि नळीनं देणार. सासूबाईंना तार केली. दुपारी लाडकी माझ्याजवळ बसणार आहे. माझा पदर तिच्या मनगटाला बांधून.

मीच सांगितलं, घट्ट बांध.

१३ फेब्रुवारी

माझा पदर मनगटावरून सोडून खिडकीच्या गजाला बांधला आणि लाडकी पेज आणायला गेली, तेवढाच वेळ. गाठ सुटलेली होती. दातांनी. माझ्या दाढेत सुताचा धागा आहे.

सकाळची पेज गाळून उरलेला चोथा. तेवढाच घरात होता.

मंजूला एकशेतीन ताप.

१३ फेब्रुवारी

सात घास. माझी राणी ती.

१५ फेब्रुवारी, पालघर

दवाखाना. दोन्ही फुप्फुसं भरलीत. नाकाला ऑक्सिजन. श्वास घेताना बरगड्यांत खड्डे पडतात.

डॉक्टरांनी विचारलं, तोंडानं काही दिलं होतं का? मी हो म्हटलं. कोणी? म्हटलं, मीच. ते लिहायचे थांबले.

मला वॉर्डाबाहेर बसवलं आहे. मीच तसं मागितलं.

१६ फेब्रुवारी

पंढरी बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "तू तिची आई हाईस का कोण हाईस?"

मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. ज्या हातानं त्यांना थोपटायचं तो हात मी पाठीमागे धरून ठेवला.

१७ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. वाटलं, मारतील. त्यांनी माझे दोन्ही हात मांडीवर घेतले, बराच वेळ चोळत बसल्या.

म्हणाल्या, "चार वर्सं भरवलंस गं पोरीला. यमाच्या दाढंतनं येक येक घास काढून घातलास. आता नगं म्हनलं तर तुला कळतंय. हातास्नी कसं कळावं?"

ताप थोडा उतरला आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवस निभावले तर वाचेल. पण पुन्हा छातीत काही गेलं तर—

डॉक्टरांनी माझ्या हातांकडे बघितलं.

१८ फेब्रुवारी, दुपार

मंजू सारखी दाराकडे बघते म्हणे. डॉक्टर म्हणाले, आईला बसू दे जवळ. पंढरी इंजेक्शन आणायला गेलेत. सासूबाई माझ्याजवळच होत्या, आत्ता नळीसाठी गरम पाणी आणायला गेल्या. पाच मिनिटं, हलू नकोस म्हणाल्या.

मी हलत नाही. मी लिहिते आहे. लिहीत राहीन म्हणजे झोप लागणार नाही. लिहीत राहीन म्हणजे हात अडकलेला राहील.

शेजारच्या खाटेवरची बाई जेवता जेवता उठून हात धुवायला गेली. तिचं ताट स्टुलावर आहे. मी तिकडे बघत नाही. मी फक्त वहीकडे बघते.

मंजू माझ्याकडे बघते आहे. किती दिवसांनी. छताकडे नाही, माझ्याकडे.

सासूबाई अजून येत नाहीत. हाक मारली. आवाज निघाला का ते कळलं नाही.

अंऽ म्हणाली.

नाही. मंजू, नाही गं. तोंड मीट. तोंडावाटे काही नाही, काही नाही, काही—

उजव्या हातात पेन आहे. बघा, पेनच आहे. मी लिहिते आहे. उजवा हात इथंच आहे.

डाव्या हाताला काहीतरी कोमट, मऊ लाग—