नकाशा विषयवार लावला आहे

६ जानेवारी २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहावी म्हणून. दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.
सकाळी पुस्तकं आली. त्रेचाळीस! सगळी कोरी करकरीत, सगळी इंग्रजी. विषय: शहरं, नगररचना, दक्षिण आशियातला समाज. लोणावळ्याला बंगला असलेले एक प्रोफेसर आहेत. देशोदेशीचे प्रकाशक त्यांना पुस्तकं पाठवतात आणि त्यांना ठेवायला जागा नाही. मी चार पत्रं लिहिली. पाचव्याला ते कंटाळून हो म्हणाले. याला म्हणतात फॉलोअप.
कामशेतच्या अलीकडे आमचं हे वाचनालय. आजवर इथे होतं काय? दोन पेपर, रहस्यकथा, जुने दिवाळी अंक आणि अध्यक्ष अंबाजी आबांची दुपारची झोप. आता इथे ‘नगर-अभ्यास विभाग’ उभा राहणार. वराळ्याकडून टॉवर सरकत येतायत, उर्स्याकडून गोडाउनं. गावाचं शहर होणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते कसं व्हावं हे कुणी वाचलंय का? मी वाचणार. रोज वीस पानं.
पुस्तकं मोजत असतानाच कुठल्याशा ऑफिसचा शिपाई एक लांबलचक नळकांडं देऊन सही घेऊन गेला. आत आठ मोठे रंगीत कागद आणि एक पत्र. पत्र फायलीला लावलं. निवांत वाचणे.
ता.क.: ‘मानद ग्रंथपाल’ आता अपुरं वाटतं. ‘मानद ग्रंथपाल व प्रमुख, नगर-अभ्यास विभाग’ असा शिक्का करायला टाकणे.

८ जानेवारी
तळेगावच्या कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. माल आला की आधी पॅकिंग, मग एन्ट्री, मग इश्यू. पुस्तकांचंही तेच. आधी कव्हरं.
खाकी कागदाचा रोल सारिकाने स्वयंपाकघरातल्या फळ्यांना अंथरून टाकला होता. बायकोला संस्थेच्या मालमत्तेची किंमत नसते. ती म्हणाली, पुस्तकं वाचायला आणलीत का नटवायला?
मग नळकांडं आठवलं. काय कागद! जाड, गुळगुळीत, मागून पांढराशुभ्र. पुढे गुलाबी-पिवळे-हिरवे ठोकळे आणि बारीक अक्षरं. पोस्टर असणार, विषयाला धरून. रंगीत बाजू आत, पांढरी बाहेर. वर स्केचपेनने नाव. घडीला डिंक. दिवसभरात अकरा झाली.
वाचन: शून्य पानं. (कव्हर घालताना वाचलं की घडी वाकडी बसते.)

१२ जानेवारी
त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कव्हरं पूर्ण! कपाटात रांगेने उभी केली. नुसतं बघत बसलो. अंबाजी आबा जागे झाले, म्हणाले, कैलास, लय देखणं दिसतंय रं. आबांना सौंदर्यदृष्टी आहे, हे आजच कळलं.
सर्वांत जाड पुस्तक घरी आणलं. विषय: शहराच्या नियोजनात लोकांचा सहभाग. पान ३ पर्यंत वाचलं. अफाट माणूस आहे लेखक.

१५ जानेवारी
भामामावशी आल्या होत्या. अंगणवाडीतून रिटायर झाल्यापासून रोज अकराला येतात आणि पेपर पहिल्या ओळीपासून टेंडर नोटिशीपर्यंत वाचतात. राहतात ओढ्याकाठच्या वस्तीत, वाचनालयाच्या पाठीमागे. विचारत होत्या, सर, पेपरात आलंय, आपल्या भागाचा विकास आराखडा काढलाय, गावोगावी नकाशे लावलेत, पाच फेब्रुवारीपर्यंत हरकती घेणार. आपला नकाशा कुटं हाय?
मी म्हणालो, आपल्याकडे असलं काही आलेलं नाही. आलं असतं तर माझ्या हातून गेलं असतं. त्या म्हणाल्या, ग्रामपंचायत सांगते वाचनालयात धाडलाय. मी ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवलं.
लोकांना बसल्या जागी अफवा लागतात.

२० जानेवारी
शिक्केवाल्याची पावती शोधताना फाइल उघडली. पत्र वाचलं.
पाणी प्यालो. परत वाचलं.
‘सोबतचे नकाशे (एकूण पत्रके आठ) नागरिकांच्या अवलोकनार्थ दर्शनी भागी तीस दिवस लावण्यात यावेत.’
शांतपणे विचार करू. मुद्दा एक: पत्रात ‘अत्यंत तातडीचे’ असं कुठेही नाही. मुद्दा दोन: पत्र नळकांड्यात घालायची ही काय पद्धत झाली? मुद्दा तीन: नकाशे वाचनालयात आहेत, कपाटाला काच आहे, काच दर्शनी भागात आहे. म्हणजे नकाशा लावलेलाच आहे. फक्त विषयवार लावला आहे.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२१ जानेवारी
एक कव्हर काढून पाहिलं. डिंकाने चिकटलेली घडी टरकन फाटली. आणखी बेचाळीस ठिकाणी सरकारी कागद फाडणं हा गुन्हा ठरेल. म्हणून हात आवरला.
शिवाय २ फेब्रुवारीला विभागाचं उद्घाटन. प्रोफेसर येणार. त्यांच्यासमोर उघडीबोडकी पुस्तकं? उद्घाटन झालं की त्याच दिवशी दुपारी सगळं नीट सांगायचं. तीन दिवस उरतात. हरकत लिहायला काय, अर्धा तास लागतो.
निश्चय पक्का.

२४ जानेवारी
मावशी परत आल्या. या वेळी ठामपणे सांगितलं, नकाशा प्रक्रियेत आहे. त्या म्हणाल्या, अंगणवाडीचा वजनकाटा बिघडला की वरचे साहेब पण असंच म्हणायचे, प्रक्रियेत हाय. चार वर्षं पोरांना किराणाच्या तागडीत बसवलं मी.
म्हणाल्या, सर, वस्तीत लोक म्हणत्यात मोठा रस्ता आमच्या घरांवरनं नेलाय. अकरा घरं हायती. माझं घर मी नोकरीत असताना एकेक वीट करून बांधलंय. खरं काय ते नकाशाच सांगंल.
म्हणालो, मावशी, मी बसलोय ना. त्या म्हणाल्या, व्हय, बसलाय ते दिसतंय.
कर्मचाऱ्याच्या मानसिक स्वास्थ्यावर काही पुस्तक आहे का, बघणे.
वाचन: पान ७.

३१ जानेवारी
शिक्का आला. हुद्दा एवढा लांब की शिक्का पानाबाहेर जातो. चालेल. भारदस्त दिसतो.
उद्घाटनाच्या भाषणाचा मसुदा तयार. विषय: ‘नियोजनाच्या प्रक्रियेत सामान्य माणूस कुठे आहे?’ सारिकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माणूस नळकांड्यात आहे. मी तिला सगळं सांगितलंय हीच माझी चूक.
ती चार दिवस मागे लागलीय, आत्ताच्या आत्ता जा आणि मावशींना सांग. सांगणारच आहे. दोनच दिवस राहिले.

२ फेब्रुवारी, रविवार
जे घडलं ते क्रमाने लिहितो.
प्रोफेसर आले नाहीत. रविवार, त्यात लोणावळ्यात गाड्यांची रांग. फोनवर म्हणाले, माझ्या शुभेच्छा आहेत असं समजा. हजेरी एकतीस, पैकी पोह्यांसाठी साधारण वीस. फीत अंबाजी आबांनी कापली. मी भाषणाला उभा राहिलो. ‘सामान्य माणूस कुठे आहे’ इथपर्यंत आलो आणि आबांनी फोटोसाठी एक पुस्तक कपाटातून उचललं. कव्हर त्यांच्या हातात राहिलं, पुस्तक खाली पडलं.
आबांनी कव्हराच्या आतली बाजू पाहिली. म्हणाले, अरे, ह्यो तर आपला ओढा. आन ही स्मशानभूमी.
भामामावशींनी चष्मा लावला. गट नंबर वाचला. मग कपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
त्यापुढे माझं भाषण झालं नाही. लोकांनी कपाट रिकामं केलं. कव्हरं सोलली. सतरंजीवर मांडली, तुकड्याला तुकडा लावत. कुणी म्हणे शाळा सापडली, कुणी म्हणे माझी विहीर गेली. पोहे गार झाले, कुणी विचारेना. (नोंद: वाचनालयाच्या इतिहासात एका दिवसात बेचाळीस पुस्तकं प्रथमच हाताळली गेली.)
मधोमध एक चौकोन रिकामा राहिला. नेमकी ओढ्याकाठची वस्ती. त्रेचाळीसावं पुस्तक माझ्या घरी.
पळत गेलो. पुस्तक शिलाई मशीनच्या पायाखाली होतं. सारिका म्हणाली, पान सातच्या पुढे जाईना, म्हटलं काहीतरी उपयोग होऊ दे.
तो तुकडा मावशींनी स्वतः लावला. लाल रेघ, चोवीस मीटरचा रस्ता, अकराच्या अकरा घरांवरून. वाचनालयाच्या भिंतीपासून जेमतेम दोन बोटांवरून रेघ पुढे गेलेली. हुश्श झालं. निदान संस्था वाचली.
मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, सर, अठरा दिवस मी तुमास्नी इचारतीय. तुमी माझं घर कव्हराला लावलंत. एवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर पोहे खाल्ल्यावर जरा बरं वाटलं.

४ फेब्रुवारी
मावशींनी दोन दिवसांत एकशे ऐंशी सह्या गोळा केल्या. मसुदा स्वतः लिहिला. आज माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, सर, उद्या शेवटचा दिस. आमी लिहिलंय, रस्ता वस्तीवरनं हलवा. हलवला तर एका अंगाला ओढा, म्हंजे तो दुसऱ्या अंगाला सरकणार. तिकडं हे वाचनालय हाय. तुमी पण संस्थेची हरकत टाका. दोघांची मिळून टाकली तर वर डोंगराच्या बाजूनं न्या म्हणून जोर येईल.
मी समजावून सांगितलं, मावशी, ही शैक्षणिक संस्था आहे. आपण तटस्थ राहायला हवं. आणि बघताय ना, त्रेचाळीस पुस्तकं उघडी पडलीत, मला नवीन कव्हरं घालायची आहेत.
त्यांनी हरकतीचा कागद पिशवीत घातला. म्हणाल्या, बरं. घाला.
उलट मलाच शिकवायला निघाल्या! नगररचनेवरची पुस्तकं कुणाकडे आहेत?

५ फेब्रुवारी
हरकत दाखल झाली म्हणे. वस्तीतून टेम्पो भरून गेले होते. आबासुद्धा जागे राहून गेले.
कव्हरं: १९ पूर्ण. खाकी.

२१ एप्रिल
आज सुनावणी. मी गेलो नाही, उन्हाचा त्रास. आबांनी येऊन सांगितलं. भामामावशी चार मिनिटं बोलल्या आणि साहेब लिहून घेत होते. त्यांनी चिकटपट्टीने जोडलेला नकाशा टेबलावर पसरला. साहेबांनी तो उलटा केला, तर मागे जागोजागी माझ्या अक्षरात पुस्तकांची नावं. गटारांचा इतिहास. फुटपाथ कुणाचा. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मावशी म्हणाल्या, आमच्या ग्रंथपालांचं काम हाय.
म्हणजे माझं अक्षर सरकारी टेबलापर्यंत पोचलं तर! मावशींनी श्रेय दिलं. मोठ्या मनाची बाई.

३० जून
अर्धवार्षिक आढावा. नगर-अभ्यास विभाग: पुस्तकं ४३, वाचक ०. गाढवापुढे वाचली गीता. वाचन (स्वतःचं): पान ९. पुढच्या महिन्यापासून झपाट्याने.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मंजूर नकाशा आला. या वेळी नळकांडं शिपायासमोरच उघडलं. दर्शनी भागात लावला, चारही कोपऱ्यांना खिळे. शिस्त म्हणजे शिस्त.
मग चष्मा लावून वाचला.
ओढ्याकाठची वस्ती: वगळण्यात आली. अकराच्या अकरा घरं शाबूत. रस्ता पश्चिमेला सरकवण्यात आला आहे. पश्चिमेच्या मिळकतीबाबत विहित मुदतीत हरकत प्राप्त झालेली नाही.
पश्चिमेची मिळकत म्हणजे मी ज्या खुर्चीत बसून हे लिहितोय ती. कपाट, पुस्तकं, ‘शांतता राखा’ची पाटी, सगळं लाल रेघेत. रेघ नेमकी नगर-अभ्यास विभागावरून जाते.
वस्तीत आज हलगी वाजतेय. आबा बराच वेळ नकाशासमोर उभे होते, मग म्हणाले, कैलास, आता मी झोपू कुटं? मला हसू आलं नाही. बेचाळीस वर्षं झाली या खोलीला. माझं पहिलं पुस्तक इथूनच नेलं होतं मी, शाळेत असताना.
घरी सांगितलं. सारिका म्हणाली, बैल गेला आणि झोपा केला. मग पाठीवर हात ठेवून म्हणाली, जा आता तरी, मावशींकडे जा.

१७ नोव्हेंबर
गेलो. लेटरहेड आणि शिक्का बरोबर नेला.
मावशींचं घर आतून पहिल्यांदा पाहिलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली पुस्तकांची फळी. एकाही पुस्तकाला कव्हर नाही. सगळ्यांचे कोपरे मऊ झालेले.
म्हणालो, मावशी, हरकत कशी लिहितात? त्या म्हणाल्या, मुदत गेली सर, आता हरकत न्हाई, विनंती करायची. पण लिहायला काय जातंय, बसा. चहा ठेवला. मग त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. ‘मा. महोदय’पासून ‘तरी कृपया पुनर्विचार व्हावा’पर्यंत. पहिल्या सह्या वस्तीच्या घेऊ म्हणाल्या, अकराच्या अकरा घरांच्या. मला मान वर करवेना.
शेवटी सही केली. शिक्का काढला, पण तो कागदात मावेना. हाताने नाव लिहिलं आणि नावाखाली हुद्दा काय लिहू, असं विचारलं.
मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाल्या, आमी सगळ्यांनी लिहिलं होतं तेच लिहा. बाधित.
लिहिलं.