दोन फुटांचे आठ फूट

२ जानेवारी २००७
या वर्षी डायरी लिहायचीच. उद्या लोक विचारतील, श्रीपालराव, एवढं सगळं उभं कसं केलंत? तेव्हा तारीखवार रेकॉर्ड पाहिजे.
आजची स्थिती: उचगावात पत्र्याचं शेड. शेडमध्ये माझं सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं मशीन. साइज दोन फूट बाय दीड फूट. आतापर्यंत घरांच्या पाट्या आणि ट्रॉफ्याच केल्या. माझ्या लायकीचं काम अजून कोल्हापुरात तयार झालेलं नाही.

९ जानेवारी
झालं! चंदनाच्या माहेरगावच्या जैन बस्तीचं (देवळाचं) दार. आण्णा, म्हणजे सासरे, तिथं ट्रस्टी. दोन फळ्या, एकेक साडेसहा फूट. मध्ये कमळ, खाली हत्ती, कडेनं वेल. साग आण्णांच्याच बांधावरचा, चंदनाच्या आज्यानं लावलेला. महावीर जयंतीला दार बसवायचं.
मशीन दोन फुटी, दार साडेसहा फुटी. एवढाच काय तो टेक्निकल प्रॉब्लेम.

१० जानेवारी
चंदनाचं म्हणणं, मशीन हाय तसं राहू दे, डिझाईनचं सॉफ्टवेअर नवीन घ्या. (ती राजारामपुरीत कॉम्प्युटर क्लासमध्ये डिझाईन शिकवते.) नव्या व्हर्जनमध्ये मोठ्या चित्राचे तुकडे पाडता येतात म्हणे. छोटे तुकडे कोरायचे, सांधे वेलीच्या रेषेत लपवायचे.
हसलो. सॉफ्टवेअर दिसतं का? शेडमध्ये आलेल्या माणसाला काय दाखवू, सीडी? आठ फुटी मशीन रस्त्यावरनं दिसतं. ती म्हणाली, लोकांनी दार बघायचं का मशीन? तिला बिझनेस कळत नाही.
ठराव: मशीन आठ बाय चार करणे. सॉफ्टवेअर जुनंच.

१८ जानेवारी
जुनं मशीन खोललं. त्याच्याच मोटरी नव्याला बसवणार. फ्रेम कागल एमआयडीसीतला कृष्णात वेल्ड करून देणार. तो म्हणाला, पावणं, मधला आडवा बार एवढा लांब केला तर झोल पडणार की, आणि ह्या बारक्या मोटरींना त्याचं वजन पेलायचं न्हाय. वेल्डरनं वेल्डिंग करावं.

११ फेब्रुवारी
फ्रेम आली. शेडच्या दारातनं आत जाईना. किरकोळ. पुढचा पत्रा काढला. शेजारचा गिरणीवाला जोतीराम हात लावायला आला आणि विचारतो, पलंग कुणाच्या लग्नातला?

२० फेब्रुवारी
पहिली ट्रायल. थर्माकोलवर गोल काढला. अंडं आलं. जोतीराम म्हणाला, झकास जमलंय की, आता कोंबडी काढा. चंदनानं टेप लावून बघितलं. एका बाजूची मोटर मागं राहतेय, म्हणाली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते अ‍ॅडजस्ट होत नाही, नव्यात होतं. तिला कुठूनही सॉफ्टवेअरवरच यायचं असतं. लांबनं बघितलं तर गोलच दिसतो. मी जोतीरामच्या गिरणीत उभा राहून खात्री केली.

३ मार्च
आण्णांचा फोन. काम कुठवर आलंय? ऐंशी टक्के झालं म्हणून सांगितलं. विचार पूर्ण झालाय, मशीन उभं आहे. राहिलंय ते फक्त लाकूड कोरणं.

७ मार्च
चंदना म्हणते, आधी प्लायवर काढून बघा, मग सागाला हात लावा. प्लायवर कुणाचंही मशीन चालतं. उद्या थेट सागावर. नारळ आणला.

८ मार्च, दुपारी ३
चालू. पहिली वीस मिनिटं अप्रतिम. आण्णांना फोन करून मशीनचा आवाज ऐकवला.

४.१०
बार मध्यावर वाकला. कमळ फळीच्या आरपार गेलं. कमळातनं फरशी दिसते. हत्ती लांबत लांबत गेलाय. सुसर झाली.

५.३०
चंदना आली. मला वाटलं ओरडेल. फळीवरनं हात फिरवला आणि भुशातच खाली बसली. म्हणाली, आजा उन्हाळ्यात ह्या झाडाला घागरीनं पाणी घालायचा, आम्ही पोरं मागनं तांब्या घेऊन. मी म्हणालो, लाकडात ओल होती.

१० मार्च
आण्णांना सगळं स्पष्ट सांगायचं ठरवलं. या वेळी त्यांचा फोन एंगेज असतो, म्हणून लावला नाही.

१२ मार्च
चंदनानंच सांगून टाकलं. माझ्याशी चर्चा नाही. तिच्या क्लासनं नवं सॉफ्टवेअर घेतलंय. क्लास सुटल्यावर तिथंच बसून तिनं दाराचे चोवीस तुकडे पाडले. कोरणार राजारामपुरीतला ट्रॉफीवाला बाळासो. त्याचं मशीन दोन फूट बाय दीड फूट. ती म्हणाली, तुमचं खोललं नसतं तर तुमच्यावरच झालं असतं. हे बोलायची गरज नव्हती.
तुकडे छोटे असल्यामुळं बिघडलेल्या फळीतला चांगला भागही वापरात येतोय. थोडक्यात, रफ कटिंग मी करून दिलं.

३१ मार्च
दार बसलं. मी सांधे शोधत होतो. वेलीला बोट लावून वरपासून खालपर्यंत गेलो, एकही सापडला नाही. हत्ती हत्तीसारखे आहेत.
सत्कार झाला. मी कोट घालून पहिल्या रांगेत. चंदनाला शाल-नारळ, बाळासोला शाल-नारळ. आण्णा माइकवर म्हणाले, आमचे जावईही आलेत, टेम्पोतनं दार उतरवायला त्यांनी लई मदत केली. टाळ्या पडल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, पावणं, मशीन केवढं लागतंय ह्याला? मी आठ फुटांचं सांगायला सुरुवात केली. तो जेवायला निघून गेला.

१४ एप्रिल
दार बघून आणखी दोन गावांनी विचारलंय. चंदना आणि बाळासो आता पार्टनर. मला म्हणाली, तुम्हीही या. प्रॉडक्शन कुणीतरी सीनियर माणसानं बघायलाच पाहिजे. होकार दिला. आठ फुटी मशीनचं काय, असं तिनं विचारलं. बघू म्हणालो.

१६ एप्रिल
सकाळी दहाला हजर. प्रॉडक्शन म्हणजे सँडपेपर. एकूण बावीस तुकडे घासले. कोरणाऱ्याचं काम कुणालाही जमतं, फिनिशिंगला हात लागतो, असं बाळासोला दोनदा सांगितलं. मशीन चालू असल्यामुळं त्याला ऐकू आलं नसावं.
संध्याकाळी चंदनानं एकेक तुकडा खिडकीशी नेऊन बघितला. चार परत दिले. म्हणाली, कोपरे राहिलेत.
राहिले होते.