वस्तऱ्याचा दगड

गुडघा कसा आहे, गुडघा कसा आहे! आठ महिन्यांत तुझी पाच पत्रं आली आणि पाचही पत्रांत माझ्या गुडघ्याचीच चौकशी. गुडघा आहे तिथेच आहे, कुठे पळून गेलेला नाही. तू काय जेवतेस, कुणाच्या माळ्यावर चढून कसले दगड उपसतेस, त्याची एक ओळ नाही. आणि ज्याची खरी चौकशी करायला हवी, त्याचं तर नावच काढत नाहीस. म्हातारी काय गुडघ्यापुरतीच उरली आहे का? हे आधी लिहून टाकलं, पोटात ठेवायला नको. आता मायना.

प्रिय गारगोटे,

लहानपणी फ्रॉकच्या खिशांत गोटे भरून आणायचीस म्हणून मी तुला हे नाव ठेवलं. तुझ्या आईने खिसे शिवून टाकले, तर तू मोज्यांत भरून आणायला लागलीस. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही पोरगी पुढे दगडांवर पोट भरणार. चांगली पंख्याखालची नोकरी सोडून तू बंद पडलेल्या कारखान्यांतून धार लावायचे जुने दगड शोधत फिरायला लागलीस, तेव्हा सगळ्यात जास्त तोंड मीच वाजवलं होतं. ते सगळं मी मागे घेते. मला मागे घ्यायची सवय नाही, म्हणून एकदाच लिहिते, नीट वाच.

माझं मत बदललं ते त्या सुताराच्या बायकोकडे. तू मला बरोबर नेलं होतंस. नवरा जाऊन वर्ष झालेलं, बाईने त्याची हत्यारं विकायला काढलेली. रंधे, पटाश्या, करवती सगळं जमिनीवर मांडलेलं, आणि तू एकालाही हात लावला नाहीस. तुझं लक्ष खिडकीकडे. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एक काळपट दगड टेकवला होता, त्यावर रंगाचे ओघळ. काकू, हा बघू का जरा, म्हणालीस. घे की, खिडकीला वीट लावते, ती म्हणाली. तू तो नळाखाली धुतलास, नखाने वाजवून कानाशी धरलास, डॉक्टर छाती तपासतो तसा. मग उन्हात ठेवलास आणि आपण तिघी त्याच्याकडे बघत बसलो. मी म्हटलं, काय गं, अंडं उबवतेस का? तू म्हणालीस, आजी, वाळताना बघायचं असतं. सगळा दगड वाळला आणि एखादी रेघ ओली राहिली, की आत तडा आहे असं समजायचं. रेघ राहिली नाही. मग कडेच्या खुणा बघितल्यास. हाताने कापलेला म्हणजे त्याची खाण बंद पडायच्या आधीचा, म्हणजे आता तसा निघत नाही. मग बारका खडा घासून त्यावर चिखल केलास, चिखल दोन बोटांत चोळलास, आणि पिशवीतल्या वस्तऱ्याला धार लावून स्वतःच्या हातावरचे केस उडवलेस. तुझा डावा हात तुळतुळीत का असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

ती बाई वजनाच्या भावात द्यायला तयार होती. तू जो भाव सांगितलास तो ऐकून ती मटकन खाली बसली आणि मी तुला कोपराने ढोसलं. तर तू मलाच बाजूला सारलंस आणि तिला समजावत बसलीस. खाण कुठली, जाडी किती उरली, धार किती बारीक येते, कोपरे शाबूत आहेत का, या सगळ्याचा मिळून भाव होतो. त्यातून माझी मेहनत एवढी, बाकी तुमचे. वाटेत मी तुला गाढव म्हटलं. तू म्हणालीस, आजी, एकदा भाव खोटा सांगितला की पुढच्या वेळी माझा मलाच पटणार नाही. घरी येऊन तुझ्या बापाला सगळं सांगितलं. तो आरशासमोर गिऱ्हाइकाच्या मानेला पावडर लावत होता. वर न बघता म्हणाला, मुलगी कुणाची आहे! त्या दिवशी दुकानातल्या तिन्ही खुर्च्यांवरच्या माणसांना ती गोष्ट ऐकावी लागली.

म्हणून तर त्याने जुने दगड विकत घेणारा तो चष्मेवाला शौकीन घरी बोलावला तेव्हा तुलाही मुद्दाम बोलावून घेतलं. आमची पोरगी बघेल, आमची पोरगी सांगेल, असं चाललं होतं त्याचं. आजोबांचा दगड टेबलावर, लाकडी पेटीत. आजोबांची ती गोष्ट तुझ्या बापाने त्या माणसाला पहिल्यापासून ऐकवली: उस्तादाकडे सात वर्षं काम शिकले, शेवटच्या दिवशी उस्तादाने स्वतःचा दगड हातावर ठेवला, असा दगड आता पैसे मोजूनही मिळत नाही. तू धुतलास, वाजवलास, वाळत ठेवलास. आणि म्हणालीस, बाबा, हा तो दगड नाही. हा सुऱ्यांचा दगड आहे, वस्तऱ्याचा नव्हे. त्याचा चेहरा मी बघितला. हातचं गिऱ्हाईक गेल्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याने विचारलं, म्हणजे माझा बाप जन्मभर थापा मारत होता का? तू म्हणालीस, आजोबा काय सांगायचे त्यावर मी बोलत नाही, दगड काय सांगतो ते बोलते. मग तो जे बोलला ते मी लिहीत नाही. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस आणि आठ महिने झाले, बाप-लेकीचं एक अक्षर नाही.

आता, गारगोटे, तू जे बोलली नाहीस ते मी लिहिते. दगड बाजूला ठेवून तू पेटी हातात घेतली होतीस. आतली खाच मुळात पटाशीने कोरलेली, कडा सरळ. पण तळ कुणीतरी नंतर सुरीने खरवडून खोल केलेला. तू त्यावरून बोट फिरवलंस. मग मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मी दारात उभी होते, हातात भाजी चिरायची सुरी. तू झाकण लावलंस, पेटी टेबलावर ठेवलीस आणि बापाचं सगळं बोलणं खाली मान घालून ऐकून घेतलंस. एक शब्द पुरला असता. तू तो वापरला नाहीस. जन्मात मी बऱ्याच बायका बघितल्या, पुरुषही बघितले, एवढं घट्ट तोंड एकाचंही नव्हतं.

ते माझंच काम होतं. तुझा बाप तेव्हा चार वर्षांचा होता. उस्ताद वारला म्हणून तुझे आजोबा दहा दिवस बाहेरगावी गेले होते. मला स्वच्छतेचा भारी सोस. तो दगड वर्षानुवर्षं तेल पिऊन काळाकुट्ट झालेला. म्हटलं, माणूस दुःखात परत येईल, निदान दगड तरी नवा दिसू दे. पातेल्यात सोडा घातला, दगड घातला, चांगला तासभर उकळला. रंग असा निघाला की मीच खूश. मग लवकर वाळावा म्हणून गरम तव्यावर ठेवला. टक् असा आवाज आला. बघते तर वहीची पानं सुटावीत तसे त्याचे थर सुटलेले. उस्तादाच्या मातीवरून येणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? भंगारवाल्याकडे दोन दिवस बसून त्याच लांबीरुंदीचा दगड शोधला. जाडीला बोटभर जास्त निघाला, म्हणून पेटी खरवडली. दगडाला शिवणयंत्राचं तेल आणि काजळी चोळली. पायरीच्या कडेवर घासून मधे खळगासुद्धा पाडला. तुझ्या धंद्यात मी वाईट नसते निघाले, फक्त चोर निघाले असते.

ते आले, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, वस्तरा घेऊन बसले. चार वेळा फिरवला आणि थांबले. पात्यावरून अंगठा फिरवला. मी पडद्याआडून बघत होते. मग पुन्हा फिरवायला लागले. आधी चामड्याच्या पट्ट्यावर दहा वेळा घासलं की वस्तरा तयार व्हायचा; त्या दिवसापासून साठ वेळा. शेवटपर्यंत साठ वेळा. मला वाटायचं, उस्ताद गेल्याचं दुःख, हात जड झाला असेल. मी फसवलं आणि ते फसले, एवढंच मी धरून चालले. त्या दिवशी त्या शौकिनाने तुला विचारलं, वापरणाऱ्यालाच कळलं नसेल का? आणि तू म्हणालीस, छे, वस्तरेवाल्याला पहिल्या घासातच कळतं, डोळे बांधले तरी. मी स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. भाजी तशीच राहिली. बावीस वर्षं त्या माणसाने वाईट दगडावर मनगट झिजवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला हा माझ्या उस्तादाचा दगड म्हणून सांगितलं, आणि मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी थाप मारली असेल तर एवढी एकच, आणि ती माझ्यासाठी. तुझं तोंड कुणावर गेलं आहे ते मला आता कळतं. माझ्यावर गेलेलं नाही, हे नक्की.

बाकी बरं आहे. आता सगळंच लिहिलं. मी तुला धाडते त्या पाकिटांवर पत्ता तुझा बाप घालतो, कारण माझं अक्षर टपालवाल्याला लागत नाही. आणि प्रत्येक पाकीट तो वाफेवर उघडून वाचतो, मग नवा गोंद लावतो. त्याला वाटतं म्हातारीला दिसत नाही. म्हणून हे पाकीट मी चिकटवलंच नाही. तोंडाने सांगायला आठ महिने जमलं नाही, ते कागदावर घालून त्याच्या हातात देते आहे. फुटलेल्या दगडाचा एक थर मी फेकला नव्हता, तोही शेजारी ठेवते.

तुझीच,
आजी

आणि तू रे, हे वाचतो आहेस ना? तुझा बाप थापाड्या नव्हता आणि तुझी लेकही नाही. शिव्या मला घालायच्या त्या घाल, मी आतल्या खोलीत आहे. आधी तो तुकडा नीट गुंडाळून पाकिटात घाल. मागची बाजू मी कोरी सोडली आहे. आता पुढचं बोलणं तिचं नाही, माझंही नाही. तिथे तू लिही, आणि आजच्या टपालात टाक.