द्वारपाल आणि नावाड्याचं कडवं

सोमवार, ४ मार्च
धडाड् — चौथीतले आम्ही सगळे एकदम उठलो की बाकांचा तो आवाज! मग क्षणभर शांतता. मग साऱ्या वर्गाचा एकच गळा — नावाड्याची कविता! आज दाढी करताना आपोआप ओठांवर आली. वादळ उठलं, वल्हं मोडलं, काठावर बायकोने कंदील धरला — आणि शेवटचं कडवं गायब! नावाडी घरी पोचला की बुडाला? आठवेचना. जेवणात लक्ष नव्हतं.

सून म्हणाली, "बाबा, तुमच्या आवाजात म्हणा. मी इंटरनेटवर ठेवते, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पत्ता टाकते. कुणाला तरी आठवेलच की!"

मंगळवार, ५ मार्च
माझी कविता जिथे ठेवली, ते सुनेच्या कपाटातलं यंत्र पाहिलं. जेवणाच्या डब्याएवढं! त्यात सुनेच्या ऑफिसचं काम राहतं, लेकीच्या दातांच्या दवाखान्याच्या वेळा राहतात, आणि आता माझा नावाडी. बाहेरून यायला दार मात्र एकच. तिथे एक प्रोग्रॅम बसवलाय — मी त्याला द्वारपाल म्हणतो. येणारा कुणाचं नाव घेतो ते तो बघतो: सुनेच्या कामाचं नाव वेगळं, दवाखान्याचं वेगळं. मी दवाखान्याच्या नावाखाली पोटभाडेकरू! म्हणून नावापुढे तिरकी रेघ आणि 'कविता' असेल, तर माझ्या खोलीत. जगातून कुठूनही या, डोळ्याचं पातं लवायच्या आत आत!

"दमत नाही का गं तो?"

"जांभईसुद्धा देत नाही, बाबा."

लेक म्हणे, "माझ्या पेशंटना रडवू नका म्हणजे झालं."

शनिवार, ९ मार्च
कुणाचं काही नाही. मी रोज माझ्या फोनवर उघडून ऐकतो. छान लागते की!

मंगळवार, १२ मार्च
आजही नाही. त्या वर्गातलं कुणी उरलंच नसेल. नावाडी तसाच वादळात.

गुरुवार, १४ मार्च
फिरताना शेजारच्या शिंपीबुवांना म्हटलं, तुम्ही तरी ऐका. त्यांनी फोन उघडला नि हसतच सुटले. "आबा, हे तर विचारतंय — कुठला दात दुखतो!"

घरी येऊन सांगितलं, तर सुनेने कपाळाला हात लावला. द्वारपाल नियम वरून खाली वाचतो. पहिला लागू पडला की पुढचा बघतच नाही. वर लिहिलेलं — या नावाने येईल तो दवाखान्यात. 'कविता' त्याच्या खाली! आलेला प्रत्येक जण दातांकडे! आणि माझा फोन? त्यात तिने घरातल्या घरात थेट खोलीचाच पत्ता घातला होता. दारातून मी कधी गेलोच नव्हतो.

"चुकलंच हो बाबा." दोन ओळी खालीवर केल्या — बस्स! शिंपीबुवा फोनवर ओरडले, "आबा, तुमचा आवाज येतोय!"

मी थक्क. चुकीची आज्ञासुद्धा त्याने किती निष्ठेने पाळली! राग येईना. नमस्कारच करावासा वाटला.

पण इतके दिवस किती जण येऊन परत गेले असतील?

शुक्रवार, १५ मार्च
लेकीच्या दवाखान्यात बसलो होतो, तर दारात काठी टेकत एक अनोळखी बाई. लेकीने खुर्चीत बसवलं. "आजी, आ करा."

"एकही दात नाही गं मला. कवितेच्या पत्त्यावर दुसरं काही उघडेचना, म्हणून इथली वेळ घेतली." मग माझ्याकडे वळून — "चौथीत तुझ्या पुढेच बसायचे मी. पोचतो रे नावाडी घरी. ऐक."