टाचेचा ठसा

उरण, फाल्गुन अमावास्या, १९३४

गोदीत कारकुनी लागल्यावर आज पहिल्यांदा आमच्या मिठागरावर गेलो, तेही बूट घालून. भरतीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर टाच खोल रुतली. बा आणि काका हा बांध अनवाणी तुडवून घट्ट करतात. तिथे कोणी चप्पलही घालत नाही. मी विसरलो? की बूट दाखवायचे होते?

बा त्या ठशाकडे बघत राहिला. "पान्याला वाट दावलीस, पोरा."

मी हसलो. म्हटलं, "सोड हे मीठ, बा. चल मुंबईला."

आता दिवेलागण झालीय. भरती लागलीय, उधाणाची. हंगामाचं सगळं मीठ बांधाआड उघडं पडलंय. आणि तो ठसा...

उधाणाला घरातल्या प्रत्येक पुरुषाला बांधावर जायला हाक मारतात. आत्ता बा फावडं घेऊन दारावरून गेला. काकाला हाक मारली.

मला नाही मारली.