ठेका चुकलेला आवाज

२ डिसेंबर ९३, गुरुवार
मशीन परत घरी. टेबलावर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, म्हणून सुलभाच्या शिलाईमशीनवर मांडलंय. ती असती तर बोलली असती.
स्टँडवर गाड्या पुकारायचं मशीन, मीच बनवलेलं. बटणं दाबली की सुलभा म्हणते, ‘जिंतूरकडे जाणारी गाडी लागली आहे.’ म्हणायची. दिवाळीच्या सुमारास लाइट गेली, आली, झटका बसला. तेव्हापासून तव्यावर पाणी टाकल्यासारखं चर्र, बाकी काही नाही.
स्टँडवरच्या साहेबांचा निरोप: संक्रांतीपर्यंत करून द्या, नाहीतर चिपा पुसून दुसऱ्या बाईंचा आवाज भरू. चिपा त्यांच्या. त्यांचंही बरोबरच.
मूळ कॅसेट टेपने खाल्ली. उन्हाळ्यात दारांना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घाम पुसत पुसत बोलली होती. श्रावणात काविळीने गेली. तिचा आवाज आता या चार चिपांत आहे, आणखी कुठेच नाही. नीट वाजला तर दुसऱ्या कॅसेटवर उतरवून तरी घेईन. आत्ता उतरवायचं म्हणजे चर्र उतरवायचं. हे काम मी साहेबांसाठी करत नाही, हे त्यांना सांगायची गरज नाही.

६ डिसें., सोमवार
आत दोन प्रोसेसर. थोरला चिपांतून आकडे काढून पाठवतो, धाकटा त्यांचा आवाज करतो. मध्ये तीन तारा: एकीवर आकडे, एकीवर ठेका, तिसरीवर ‘हा नवा आकडा’ एवढी खूण. ठेका एकानेच द्यायचा, दुसऱ्याने ऐकायचा. आमच्या घरात हे कधी ठरलं नव्हतं, तरी चाललं.
झटक्यात जुना धा. जळाला. नवा बसवला, तर तो चालू होताच स्वतःच ठेका द्यायला लागतो. तिकडून थो. देतोच आहे. एकाच तारेवर दोघांची ओढाताण, दुसरं काय होणार. धा.चा ठेका बंद करून त्याला नुसतं ऐकायला बसवला. आता चर्रही नाही. काहीच नाही.
चर्र बरं होतं.

९ डिसें., गुरुवार
काल कॉलेजात तास घेताना सुचलं, मुलांना ओहमचा नियम अर्धाच सांगून थांबलो. ठेका वर जाताना थो. आकडा बदलतो, आणि धा. नेमका तेव्हाच वाचतो. बदलता बदलता वाचलं तर काय वाचणार? ठेका खाली येताना वाच म्हणून सांगितलं.
दुपारी चार बटणं दाबली. आवाज आला.
आला, पण पोरीचा. आठ-नऊ वर्षांची पोर घाईघाईने ‘चारठाणा’ म्हणत पळून गेल्यासारखा. मला हसू आलं. मग रडू आलं, आणि दोन्ही थांबेना. शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

१२ डिसें., रविवार
सासूबाई ताडकळसहून हुरडा घेऊन आल्या. लेक नाही तरी येतात. आल्या की घर झाडतात, मी नको म्हणतो, त्या झाडतात.
मी मशीनशी खटपट करत होतो. ‘ताडकळस’ वाजलं आणि त्यांच्या हातातला झाडू थांबला.
“बापू, ही कोण बोलली?”
“सुलभाच, मामी. बिघाड आहे, आवाज बारीक यायलाय.”
“बिगाड कशाचा. ही सुली हाय माजी. शाळंत जायची तवाची. असंच बोलायची, भरभर, दम न घेता.”
मग पुन्हा वाजवा, पुन्हा वाजवा. जमिनीवरच बसल्या, पदर तोंडाला लावून. ताडकळस, पूर्णा, गंगाखेड, ताडकळस. मला ती पोर माहीतच नाही. मी तिला पाहिली तेव्हा ती बी.ए. झालेली, चष्मा लावणारी, माझ्या चहात साखर जास्त होते म्हणणारी.
जाताना म्हणाल्या, “नीट करू नका लगेच. मी परत येते ऐकायला.”

१८ डिसें., शनिवार
कारण सापडलं. ठेका ज्या क्रिस्टलवर चालतो तोही झटक्यात गेला होता. रहीमभाईंनी त्यांच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानातून जो दिला होता तो कलर टीव्हीतला. देताना म्हणालेही होते, “सर, ह्यो टीव्हीचा हाय, चालतंय का बगा.” मी म्हटलं, चालतंय. त्याचा ठेका जुन्यापेक्षा जलद. आकडे तेच, सु. तीच, फक्त घाईत.
कारण कळूनही हात लावला नाही.
स्टँडवर साहेब भेटले. आवाज पोरीसारखा येतोय, हे सांगितलं. “सर, पोरीचा आवाज नको. बाईचा पायजे. आन् त्या एका ठिकाणी त्या ‘सुटायलीय’ म्हणायल्यात, ते काढा. ‘सुटत आहे’ पायजे. शुद्ध.”
त्या दिवशी ‘गाडी सुटत आहे’ म्हणून म्हणून ती कंटाळली, आणि हसत म्हणाली, ‘गाडी सुटायलीय, चला की.’ मी तेही चिपेत भरलं. ‘चला की’ वेगळ्या बटणावर आहे, ते साहेबांनी अजून ऐकलेलं नाही.

२ जानेवारी ९४, रविवार
जुन्यासारखा क्रिस्टल हैदराबादहून येईना. मग थो.च्या प्रोग्रॅममध्येच दर आकड्यामागे थोडं थांब म्हणून घातलं. प्रोग्रॅमची चिप वेगळी, ती पुसून पुन्हा लिहिता येते. आवाजाच्या चिपांना हात लावला नाही, उन्हाने आवाज पुसला जाऊ नये म्हणून चिकटपट्ट्या तेवढ्या पक्क्या केल्या.
पहिल्यांदा जास्तच थांबला. सु. जाड्या आवाजात, झोपेतून उठल्यासारखी. थोडं कमी केलं. आणखी थोडं.
आणि आली.
‘राणीसावरगावकडे जाणारी गाडी लागली आहे.’ ‘लागली’मधला तो जरासा ओढलेला ‘ली’, आणि वाक्य संपताना सोडलेला श्वास. मला वाटलं होतं आनंद होईल. तसं काही झालं नाही. आवाज बारीक होता तोवर दुरुस्त व्हायचं काहीतरी शिल्लक होतं. आता सगळं दुरुस्त झालं आणि ती नाहीच आहे. मी बटण बंद केलं, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. दूध उतू गेलं तरी उभाच.
मग सगळे शब्द कॅसेटवर उतरवून घेतले. दोन कॅसेटींवर.

९ जाने., रविवार
सासूबाई आल्या. नीट झालेला आवाज ऐकवला. पुन्हा वाजवा म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, “ही तुमची हाय, बापू. माजी ती होती.”
जुना प्रोग्रॅम पुन्हा लिहून त्यांची सुली लावून दिली. त्या ऐकत बसल्या आणि मी अंगणात जाऊन बसलो. एकाच माणसाचं दुःख आम्हाला दोन वेगवेगळ्या वेगांनी ऐकू येतं. त्यांच्या दुःखात मी नाही आणि माझ्यात त्या नाहीत, आणि दोघं एकमेकांना जेवा म्हणतो.

१५ जाने., शनिवार
काल विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. इकडच्या गल्लीत निळा गुलाल, पलीकडच्या गल्लीत दारं लावलेली. गाड्या बंद. साहेब म्हणाले, गर्दी नाही तर आजच मशीन लावून बघू.
लावलं. रिकाम्या स्टँडवर एक पोलीस, दोन कुत्री, साहेब आणि मी. कर्ण्यातून सु. म्हणाली, ‘गंगाखेडकडे जाणारी गाडी लागली आहे.’ गाडी नव्हती. ‘चारठाण्याकडे जाणारी गाडी’, तीही नव्हती. पोलिसाने मान वर करून पाहिलं. तिने सगळ्या गाड्या पुकारल्या. मला आणखी ऐकवेना, पण बंदही करवेना.
साहेबांनी टोपी काढली. “आवाज गोड हाय, सर. त्यात काय वाद न्हाई.” मग हळूच, “पण गेलेल्या बाईंचा आवाज. रोज सकाळ-संध्याकाळ. पब्लिकला कळलं तर? आन् तुमी रोज हितूनच जाता-येता. तुमाला सोसंल का?”
विचार करून सांगतो म्हणाले. मशीन पुन्हा सायकलवर बांधून घरी.

२३ जाने., रविवार
साहेबांचं ठरलं. दुसऱ्या बाई मिळाल्या आहेत, रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात. चिपा पुसायला द्यायच्या. “वाईट वाटून घेऊ नका,” म्हणाले. चांगला माणूस. कोऱ्या चिपा मिळाल्या असत्या तर बदलून दिल्या असत्या, तेवढ्या मोठ्या कुठे मिळत नाहीत.
सासूबाईंना सांगितलं. कॅसेट आहे, त्यात सगळे शब्द आहेत म्हटलं. त्यांनी विचारलं, मशीनमध्ये आणि कॅसेटीत फरक काय? म्हटलं, कॅसेट तेच ते म्हणते. मशीनमध्ये शब्द मागं-पुढं करता येतात, तुकडे जोडता येतात.
मग म्हणाल्या, “नांदेडच्या दवाखान्यात मी पोचले तवा तिला सुद न्हवती. माज्याशी बोलली न्हाई ती. मला हाकबी मारली न्हाई.” आणि पुढे, “एकदा आई म्हणायला लावा की तिला.”
‘आई’ चिपांत नाही. गाडीच्या पुकाऱ्यात आई कशाला येईल. पण वेळ सांगायला ‘आठ’ आहे, त्यातला ‘आ’ कापला. ‘ई’ सापडत नव्हती, ‘राणी’च्या शेवटची काढली, तिच्याआधी चिकटलेला ‘ण’चा भाग तासून टाकला. दुपारभर तेच. जोडावर टक् असा आवाज येईल, तो घालवता येईल असं वाटतं. कुठल्या वेगाने वाजवायचं, ते विचारायची गरज नाही.
पण ती हे बोललेली नाही. मी तिला बोलायला लावणार. ती असती तर रागावली असती की हसली असती, मला ठरवता येत नाही. सासूबाईंना जोड कळला तर? आणि नाही कळला तर?
दोन्ही तुकडे शेजारीशेजारी बसवलेत. बटण अजून दाबलेलं नाही. सासूबाई दारात ज्वारी निवडत बसल्या आहेत. मघाशी तिथूनच विचारलं, “म्हणली का, बापू?”